ज्याने प्ताचेक बरोबर म्हटलं

१

स्टेशनातल्या माझ्या कॉफीच्या काउंटरपुढे सात उंच स्टुलं होती. त्यातलं तिसरं एका अंगाला कलायचं. मी ते मुद्दामच दुरुस्त करून घेतलं नव्हतं. रेल्वेचा कोणी साहेब आला की मी त्याला त्याच्यावर बसवायची. साहेब कॉफी पिता पिता हळूहळू डावीकडे उतरायला लागायचे, आणि मी मागे वळून पाव कापत बसायची. व्हेल्टनसारख्या गावात करमणूक म्हणजे एवढीच. बाकी धान्याचं कोठार, दोन चर्चं, एक बँक, आणि चहूकडे मका.

आणि गाडी. माझ्या तरुणपणी दिवसाला आठ थांबायच्या. अडुसष्ट सालच्या त्या ऑक्टोबरात आठवड्याला तीन उरल्या होत्या. कंपनीला माणसं नकोच झाली होती. डब्यातलं गरम पाणी बंद, खिडक्या पुसणं बंद, जेवणाचा डबा काढून टाकलेला. लोक कंटाळून येईनासे व्हायचे, मग कंपनी सरकारकडे जाऊन सांगायची, बघा हो, कोणी बसतच नाही.

माझा नवरा एमिल रोज सकाळी माझ्याबरोबर स्टेशनात यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसायचा. एकेचाळीस वर्षं त्याने याच रुळांवर काम केलं, शेवटी मुकादम झाला. रुळांवर घण मारून मारून कान गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच ऐकू यायचं, आणि तेही त्याला ऐकायचं असलं तर.

आमचं आडनाव प्ताचेक. आईबाप समुद्र ओलांडून ज्या मुलखातून आले, तिथे त्याचा अर्थ लहानसं पाखरू. लिहिताना त्यातल्या एका अक्षरावर बारीक शिंग काढायचं असतं, म्हणजे त्याचा उच्चार ‘च’ होतो. शिंग नसलं की इथले लोक त्याला ‘टॅसेक’ म्हणतात. कंपनीच्या हजेरीत एकेचाळीस वर्षं टॅसेक. निवृत्तीला घड्याळ दिलं, त्यावरही टॅसेक कोरलेलं. एमिलने ते घड्याळ एकदाही किल्ली देऊन चालू केलं नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, ते पण आमच्याच मुलखातल्या जुन्या बाईंकडे, म्हणून शिंग काढायची सवय मला राहिली. गावात ती आता माझ्या एकटीलाच आहे.

त्या सोमवारी एक माणूस आला. करडा सूट, हातात चामडी वही. गाडीचा दिवस नव्हता, बाहेर मोटारही दिसत नव्हती.

“बाई, उद्या पुढाऱ्यांची खास गाडी येतेय. दहा चाळीसला. सात मिनिटं थांबेल.”

“कोणत्या पक्षाची?”

“सगळ्यांचीच.”

“मग साहेब शिव्या कुणाला घालणार?”

तो हसला नाही. तिसऱ्या स्टुलावर बसला. मी त्याच्यापुढे खसखशीचं कोलाचे ठेवलं, आमच्याकडचा गोड पाव तो. त्याने ते सगळं खाल्लं आणि मग मला म्हणाला, “गावातल्या चांगल्या माणसांची नावं लिहून द्या.”

असं करतातच. पुढारी गाडीच्या शेपटाच्या, म्हणजे शेवटच्या डब्यातून मागच्या उघड्या सज्जात येतो, कठड्याला रेलतो, आणि गावातल्या पाच-सहा जणांना लंगोटीयार असल्यासारखा नावाने हाका मारतो. नावं आदल्या दिवशी असलाच कोणीतरी उतरवून नेतो. ज्याला हाक मारली तो वर्षभर कॉलर ताठ करून फिरतो.

मी बाहेर जाऊन एमिलच्या कानात ओरडले, “तुझं नाव घालू का?”

“नको,” म्हणाला. “चारचौघांत परत टॅसेक ऐकायचं नाही मला.”

मग मी बँकवाल्या डेल्मर हॉइटचं नाव लिहिलं, शाळेच्या आर्डिथ फॉस बाईंचं लिहिलं, पाद्रीबाबांचं, स्टेशनमास्तर व्हर्लिनचं, अग्निशमनवाल्या मर्ल क्रूसचं. पाच झाली. आणि माझ्या बोटांना खाज सुटली. सहावं लिहिलं गस लिंडहोम.

गस कोठाराचा जुना मॅनेजर. जन्मभर कुठल्याही पुढाऱ्यापुढे त्याने टोपी काढली नाही. पुढारी बोलायला लागला की हा पाठ करून उभा राहायचा. त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. म्हटलं, बघू या साहेब काय करतात.

माणसाने कागद घडी करून वहीत ठेवला आणि मला धन्यवाद म्हणताना दात दाखवले. एकाही दातात खसखशीचा दाणा नव्हता. माझं कोलाचे खाऊन असं कुणाचं झालेलं मी पाहिलेलं नाही, खोट्या दातांवाल्याचंसुद्धा.

२

मंगळवारी सगळं गाव आलं. शाळेच्या बँडला सुट्टी दिली होती. बरोब्बर दहा चाळीसला गाडी आली. स्वच्छ होती. तेवढंच मला खटकलं. आमच्या रुळांवर दहा वर्षांत कोणी खिडकी पुसलेली नव्हती, आणि हिच्या काचांत मक्याचं अख्खं शेत दिसत होतं. आतलं मात्र काही दिसत नव्हतं.

साहेब बाहेर आले. दाट पांढरे केस, मोठे हात, बोलणं असं की थंडीत शेकोटीपाशी बसल्यासारखं वाटावं. काय बोलले ते विचाराल तर मला आठवत नाही. मी दुसऱ्या दिवशी दहा जणांना विचारलं, कुणालाच आठवत नव्हतं. छान बोलले, एवढंच सगळे म्हणाले.

मग नावं. डेल्मर हॉइट म्हणताच डेल्मर फुगला. आर्डिथबाई लाजल्या. मी ओठ चावून उभी होते.

“आणि माझा जुना दोस्त गस लिंडहोम. कुठे आहेस, गस?”

मग मर्लने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. मग सगळं गाव हसलं. पाद्रीबाबांनी बोट दाखवून मला दम दिला, “अल्बिना, तू नरकातसुद्धा कॉफीत मीठ घालशील.”

साहेब हसत नव्हते. ते कोठाराच्या बाजूला बघत होते. तिथे कोणी नव्हतं.

“तिथे काय उभा आहेस पाठ करून? ये, वर ये.”

पाठ करून. हे मी कागदावर लिहिलं नव्हतं.

साहेब वाकले, कठड्यातून हात खाली घातला, काहीतरी धरून वर ओढलं. वजनदार माणसाला वर घेताना खांदा जसा ओढला जातो तसा त्यांचा खांदा ओढला गेला. मग त्यांनी बाजूला सरकून वाट दिली आणि डब्याचं दार आपोआप लागावं तसं लागलं.

लोक टाळ्या वाजवत होते. साहेबांनी गंमत छान निभावली म्हणाले. गाडी गेली.

एमिल बाकावरून उठून रुळापाशी गेला आणि गाडीच्या मागे बघत राहिला.

“काय झालं?” मी त्याच्या कानात ओरडले.

“डबा दबला,” म्हणाला. “साहेबांनी हात वर घेतला तेव्हा. दोन बोटं दबला, माणूस चढल्यावर दबतो तसा.”

“साहेबांचंच वजन एका बाजूला गेलं असेल.”

“एकेचाळीस वर्षं मी गाड्यांच्या स्प्रिंगा बघतोय, बिना. कोणी चढलं.”

३

बुधवारी मी स्वतःला समजावलं. पुढाऱ्यांना असली नाटकं येतात. गसचं पाठ करणं त्यांना कुणी म्हाताऱ्याने सांगितलं असेल. एमिलचे डोळे काही पूर्वीचे नाहीत. सगळं पटलं आणि मी काउंटर पुसायला घेतला. पुसता पुसता तिसऱ्या स्टुलापाशी हात थांबला. मी सहज त्याच्यावर बसले. स्टूल नेहमीसारखं डावीकडे गेलं.

त्या करड्या सूटवाल्याच्या खाली ते हललं नव्हतं. मी वाट बघत होते आणि तो अर्धा तास सरळ बसला होता, एखाद्याने स्टुलावर नुसता कोट ठेवावा तसा.

तेवढ्यात व्हर्लिन तारेचा कागद घेऊन आला. पन्नाशीचा, सरळ माणूस. सगळं नियमाने करणारा.

“अल्बिनामावशी, हे वाचा.”

“चष्मा नाही. तूच वाच.”

“पुढाऱ्यांची खास गाडी शुक्रवारी दुपारी दोन दहाला व्हेल्टनवरून जाईल. थांबा नाही.” त्याने कागद उलटा करून पाहिला. “वर विचारलं मी. मंगळवारी या मार्गावर कसलीच खास गाडी सोडलेली नाही म्हणतात.”

“कंपनीला आपले डबे कुठे उभे आहेत ते तरी माहीत असतं का?”

“ते खरं,” म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं. “मी पण हेच म्हटलं. ऑफिसात गोंधळ चाललाय सगळा.”

“मंगळवारी तुला गाडीचा निरोप तरी आला होता का?”

त्याने कागद परत सुलटा केला. “मला वाटलं, आला होता,” म्हणाला. “सिग्नल मीच दिला ना.”

४

शुक्रवारी सकाळी व्हर्लिन टपालाच्या थैल्या घेऊन गावात गेला होता. स्टेशनात मी आणि बाहेर बाकावर एमिल, हातात कप. दहा चाळीसला कपाटातल्या बशा वाजायला लागल्या.

मी बाहेर आले. तीच गाडी. त्याच काचा. करडा सूटवाला खाली उतरला, वही उघडली, आणि शेपटाच्या डब्यातून साहेब बाहेर आले. समोर चिटपाखरू नाही, फक्त आम्ही दोघं. तरी साहेब कठड्याला रेलून भाषण करायला लागले. रिकाम्या फलाटाकडे बघून हसत होते, कुणाकुणाकडे हात करत होते. मध्येच टाळ्यांसाठी थांबायचे, बरोब्बर टाळ्या संपायला लागतील तेवढंच.

“हे काय चाललंय?” मी सूटवाल्याला विचारलं. “आज तुमचा थांबा नाही. दोन दहाला जायचंय तुम्हाला, न थांबता.”

“ती दुसरी गाडी, बाई. आमची यादी पुरी व्हायची आहे.”

“सहाच्या सहा नावं घेतलीत की मंगळवारी.”

“सात,” म्हणाला, आणि कागद पुढे केला.

माझाच कागद. कोपऱ्यात माझ्या कपाचा गोल डाग. माझं वेडंवाकडं अक्षर. गस लिंडहोमच्या खाली सातवं नाव: एमिल प्ताचेक. अक्षरावर शिंग काढलेलं, जरा उजवीकडे झुकलेलं, मी काढते तसंच.

देवाशप्पथ सांगते, मी ते लिहिलं नव्हतं. आणि लगेच वाटलं, खरंच नव्हतं? एमिलला विचारायला बाहेर गेले होते, परत आले, पेन हातात घेतलं. मी त्याला चिडवायला लिहिलं असेल? त्याच्यासाठी लिहिलं असेल? एकेचाळीस वर्षांत एकदा तरी कुणीतरी नीट म्हणावं म्हणून? मला आजही सांगता येत नाही, आणि हेच मला सगळ्यात वाईट वाटतं.

“खोडा ते,” मी म्हटलं.

“तुमचं अक्षर आहे, बाई.”

“माझं आहे म्हणून तर सांगते, खोडा.”

“दिलेलं नाव परत घेता येत नाही.”

“हे तुमच्यात चालत असेल. मी दिलेलं कोलाचेसुद्धा परत घेते, शिळं निघालं तर.”

आणि साहेबांनी हाक मारली. मोठ्याने नाही. घरात दुसऱ्या खोलीतून कुणाला बोलवावं, तशी.

“एमिल प्ताचेक.”

असं म्हटलं की माझी सासूच बोलतेय असं वाटलं. प आणि त एकत्र, जीभ दाताला लागून, आणि मग मऊ ‘चेक’.

एमिलच्या कानाशी गाडीची शिट्टी वाजली तरी तो मान वळवत नसे. त्याने मान वर केली. कप बाकावर ठेवला. उठला, कोटाची बटणं लावली, सगळी, वरचंसुद्धा.

मी त्याची बाही धरली. “कुठे निघालास?”

“त्याने बरोबर म्हटलं, बिना.”

“मी रोज बरोबर म्हणते.”

“तू मला ‘अरे’ म्हणतेस,” असं म्हणून त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. रागाने नाही. रुळावरचा खिळा काढताना तो असाच असायचा, शांत आणि जोरकस. चव्वेचाळीस वर्षं मी त्याच्याशी झटापट केली, एकदाही जिंकले नव्हते.

साहेबांनी हात खाली केला होता. एमिल त्या हाताकडे चालत निघाला.

मी मागे धावले नाही. आत धावले. एकोणसत्तराव्या वर्षी, एप्रन पायात येत असताना. व्हर्लिनच्या खिडकीपाशी सिग्नलचा दांडा होता. तीस वर्षं मी तो ओढला जाताना पाहत होते आणि तीस वर्षं मला त्याला हात लावायची बंदी होती. कारण सिग्नल मोकळा झाला आणि स्टेशनातून हात दाखवला की ड्रायव्हरने गाडी सोडायचीच असते, मग मागे गव्हर्नर चढत असो नाहीतर पाद्री. ही त्या धंद्यातली पहिली गोष्ट. ही कसली गाडी होती मला माहीत नव्हतं. पण दहा चाळीसला यायची, सात मिनिटं थांबायची, म्हणजे वेळ पाळायची. म्हटलं, वेळ पाळतेस तर सिग्नलही पाळ.

दोन्ही हातांनी दांडा ओढला. बाहेर खांबावरचा सिग्नलचा हात सरळ वर गेला. मी फलाटावर येऊन इंजिनाकडे तोंड करून एप्रन सोडला आणि डोक्यावरून जोरजोराने हलवला, जा, जा, निघ.

खिडकीत ड्रायव्हरचं फक्त कोपर दिसत होतं. कोपर आत गेलं. दोन शिट्ट्या झाल्या.

“अजून दोन मिनिटं आहेत,” सूटवाला म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज माणसासारखा आला.

“घड्याळ पुढे आहे तुमचं.”

गाडीला झटका बसला. एमिलचा हात साहेबांच्या हातात होता, एक पाय पायरीवर. तो गाडीबरोबर लंगडत चार पावलं गेला. मी ओरडले, कधी ओरडले नव्हते तशी, “एमिल प्ताचेक, माझ्याकडे बघ.” त्याला ऐकू आलं की नाही देव जाणे. पण त्याने मान वळवली, आणि मान वळवताना पाय पायरीवरून निसटला. तो फलाटावर बसकण मारून पडला.

साहेबांचा हात तसाच खाली राहिला. तो मिटला नाही.

शेपटाचा डबा माझ्या समोरून गेला, आणि स्टेशनाची सावली पडली म्हणून असेल, काचेतलं मक्याचं शेत गेलं आणि आतलं दिसलं. बाकांवर दाटीवाटीने माणसं होती. प्रत्येक गावातली पाच-सहा असावीत तशी, चांगल्या कपड्यातली. सगळ्यांची तोंडं शेपटाच्या दाराकडे. सगळे टाळ्या वाजवत होते, हात लागत होते आणि आवाज नव्हता. खिडकीपाशी गस लिंडहोम बसला होता. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. तोही वाजवत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, तोंड हसरं होतं, पण हात थांबवता येत नसल्यासारखा बघत होता.

५

दोन दहाला दुसरी गाडी गेली, न थांबता, धूळ खाल्लेल्या काचांची. कठड्यावर एक टकला माणूस सँडविच खात उभा होता. त्याने मला हात केला. मी पण केला.

व्हर्लिनने मला विचारलं, सिग्नलला कुणी हात लावला? मी म्हटलं, वाऱ्याने पडला असेल. “मावशी, तो वर जातो, पडत नाही,” म्हणाला. पण त्याने वहीत काही लिहिलं नाही. नियमाने चालणाऱ्या माणसाने माझ्यासाठी केलेली तेवढी एकच चूक.

एमिल तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस जेवताना चमचा खाली ठेवून म्हणाला, “मला कळलं होतं ती गाडी बरी नाही.”

“मग का निघालास?”

“गसने सरकून जागा केली होती.”

मी त्याच्या ताटात अजून एक बटाटा वाढला आणि कानाशी ओरडले, “त्याला म्हणावं, पाय पसरून बस. जागा मोकळीच राहणार आहे.”

मग एकाहत्तरच्या मे महिन्यात आमची शेवटची गाडी गेली. स्टेशनला कुलूप लागलं. मी सातही स्टुलं घरी आणली. आता सरकारी गाड्या आहेत म्हणे कुठेतरी, आमच्याकडे नाहीत. रुळांवर मालगाडीसुद्धा महिन्यातून एखादी.

आणि आता परत निवडणुकीचा ऑक्टोबर आलाय. आज सकाळी एमिलने न्याहारी अर्धवट टाकली, चांगला कोट काढला आणि वरच्या बटणापर्यंत लावला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. बहिरा तो आहे.

“कुठे?”

“बोलावतायत.”

मी वाद घातला नाही. झटापटही केली नाही. तो तोंड धुवायला गेला तेवढ्यात त्याचा उजवा बूट उचलला आणि लपवला. कुठे ते तुम्हालाही सांगणार नाही. एकाच पायात बूट घालून तो पुढाऱ्यापुढे जाणार नाही, तेवढा मानी आहे. आता तो पलंगाखाली वाकून शोधतोय आणि मला शिव्या घालतोय, दोन भाषांत. मी मध्येमध्ये त्याला पूर्ण नावाने हाक मारते, एमिल प्ताचेक, एमिल प्ताचेक, साहेबांपेक्षा मोठ्याने.

दहा चाळीसला बशा वाजायला लागल्या. आता अकरा वाजत आलेत आणि वाजणं थांबलेलं नाही. सात मिनिटांचा नियम त्यांनी मोडलाय वाटतं.

मोडू देत. मीही दाराला पाठ लावून उभी आहे, आणि मला कुठे जायचं नाही.